आधी अर्थिंग, मग ग्राफिक्स

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

वार्षिकासाठी ‘कोणत्याही विषयावर लिहा’ अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा मी सरांना माझा विषय सांगितला : गेम खेळण्यासाठी संगणक जुळवताना त्याचे भाग कसे निवडावेत. सर क्षणभर थांबले. म्हणाले, “हा विषय सायन्सवाल्यांचा नाही का?” मी म्हटले, “सर, सायन्सवाल्यांकडे तयार लॅपटॉप आहेत.” सर हसले आणि ‘लिही’ म्हणाले. तेव्हा वाचकहो, दोष द्यायचा असेल तर निम्मा सरांना द्यावा.

माझे म्हणणे पहिल्यानेच सांगून टाकते. पेण-रोह्याकडच्या मुलाने किंवा मुलीने गेमिंगचा संगणक जरूर घ्यावा, आणि तो तयार न घेता भाग निवडून स्वतः जुळवावा. मात्र निवडीची सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून करू नये, भिंतीतल्या सॉकेटपासून करावी. हे शहाणपण मला पुस्तकात मिळालेले नाही. ते रोह्याला मामांच्या घरी २०२४ च्या जुलैमधल्या एका रात्री मिळाले, आणि त्याची किंमत माझ्या मामेभावाने भरली.

दादा धाटावला एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. त्याने हप्त्यांवर एक तयार ‘गेमिंग पीसी’ घेतला होता. काय त्याचा थाट! एका बाजूला काचेची भिंत, आत रंग बदलणारे पंखे; चालू केला की घरात गणपतीच्या आराशीसारखा उजेड पडे. शेजारची मुले दारात उभी राहून नुसते पंखे पाहत. बिलावर ग्राफिक्स कार्डाचे नाव ठसठशीत होते, प्रोसेसरचे होते, रॅम किती तेही होते. एसएमपीएसच्या पुढे मात्र फक्त ‘४५० वॅट’ एवढेच. कुणाचा, कसला, काही नाही. आम्हां दोघांच्याही ते लक्षात आले नाही, कारण एसएमपीएस ही लक्ष देण्याची वस्तू आहे हेच आम्हांला ठाऊक नव्हते.

त्या रात्री पाऊस कोसळत होता. वीज दोनदा गेली आणि आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा ‘टप्’ असा एक बारीकसा आवाज झाला आणि जळक्या वासाने खोली भरली. पंखे विझले ते विझलेच. दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या दिवशी एसएमपीएस काढून माझ्या हातात दिला. रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा हलका लागला. तो गेला त्याचे काही नाही, पण जाताना मदरबोर्डलाही बरोबर घेऊन गेला होता. जिथून घेतला त्यांनी सांगितले की विजेने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. हप्ते अजून नऊ राहिले होते. मेलेल्या म्हशीसाठी चारा भरावा तसे दादाने ते नऊ महिने भरले. मामी अजून त्या काचेच्या पेटीवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवते.

एसएमपीएस म्हणजे काय, हे मी त्यानंतर शिकले. आपल्या भिंतीतून २३० व्होल्टचा उलटसुलट वाहणारा प्रवाह येतो. संगणकाच्या आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा, एकाच दिशेने वाहणारा, संथ प्रवाह लागतो. हा पालट एसएमपीएस करतो. घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढे शिजवून, प्रत्येकाला झेपेल तेवढेच वाढणारी आई म्हणा ना. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्टेज फार चढले, भार वाढला किंवा कुठे दोन तारा भिडल्या तर स्वतः बंद पडून बाकीच्यांना वाचवण्याची सोय असते. स्वस्तातल्या बिननावाच्या डब्यात हीच सोय आधी गाळलेली असते, कारण ती बाहेरून दिसत नाही. खोक्यावर ‘८० प्लस ब्राँझ’ असा शिक्का असला की माल उत्तमच, असेही समजू नये. तो शिक्का वीज किती वाया जाते एवढेच सांगतो. संरक्षण किती आहे ते सांगत नाही. पण ज्याने निदान तेवढी परीक्षा दिली आहे तो, एकही परीक्षा न दिलेल्यापेक्षा बरा, एवढे धरून चालायला हरकत नाही.

आता कुणी म्हणेल, मोबाइलवर शेकडो व्हिडिओ आहेत, ‘पन्नास हजारांत गेमिंग पीसी’, ‘चाळीस हजारांत गेमिंग पीसी’. त्यांतली एखादी यादी उचलावी आणि मोकळे व्हावे. मी असे व्हिडिओ किती पाहिले याचा हिशेब नाही. त्यांतून पुष्कळ शिकले, तेव्हा कृतघ्न होत नाही. पण एक गोष्ट मला हळूहळू खटकू लागली. त्या याद्यांमध्ये वीज गृहीत धरलेली असते. यूपीएस यादीत नसतो. वायरिंगचा शब्दही नसतो. यादी करणारा ज्या घरात बसलेला असतो तिथे भिंतीतून चांगली वीज येते, पाण्याच्या नळासारखी. म्हणून तिचा विचार करण्याची त्याला गरज पडत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या जिल्ह्यावर आले, तेव्हा कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. मी तेव्हा शाळेत होते. ज्यांनी ते दिवस काढले आहेत त्यांनी वीज गृहीत धरून यादी करू नये.

आमचे घर पेणजवळ, गणपतीच्या कारखान्याला लागून आहे. बाबा कारखान्यात साच्यांतून मूर्ती काढतात. मी दहावीपासून सुट्ट्यांत रंगकाम करते आणि आता दोन वर्षे डोळ्यांची आखणी करते. आमच्या घरात तीन पिनांची सॉकेट आहेत. पण वायरमन काकांना बोलावून तपासले तेव्हा कळले की वरचे मोठे भोक केवळ शोभेचे आहे. त्याच्या मागे तारच नाही! काकांनी होल्डरमधला बल्ब फेज आणि त्या भोकाच्या मध्ये लावून दाखवला. तो पेटला नाही. अर्थिंग नसेल तर संगणकाच्या लोखंडी अंगाला हात लागताच झिणझिण्या येतात. दादाच्या संगणकालाही येत. आम्हांला वाटे, एवढा ताकदवान संगणक आहे, थोडे झिणझिणणारच!

तर आमच्या घरचा पहिला ‘भाग’ आला तो हार्डवेअरच्या दुकानातून : एक लोखंडी पाइप, जाड तार, कोळसा आणि मीठ. अंगणात तुळशीच्या पलीकडे खड्डा खणला. आईने मीठ ओतताना विचारले, “हे संगणकाला लागतं?” मी हो म्हटले. तिने वर थोडे पाणीही घातले. बल्ब पेटला त्या संध्याकाळी, ग्राफिक्स कार्ड जिंकल्यासारखा आनंद मला झाला.

यूपीएसचेही असेच. खोक्यावर ६०० व्हीए लिहिलेले असते आणि आपण त्याला ६०० वॅट समजतो. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो. गेम रंगात आला की प्रोसेसर, कार्ड आणि पडदा मिळून त्याच्या जवळ जातात. मग ज्या क्षणी तो लागतो त्याच क्षणी तो मान टाकतो. म्हणून मी १००० व्हीएचा घेतला. तो खेळत बसण्यासाठी नाही. वीज गेल्यावर चालू काम जतन करून संगणक शिस्तीत बंद करता यावा, तेवढ्या मिनिटांसाठी आहे.

मैत्रिणी म्हणतील, एवढे सगळे उपद्व्याप करण्यापेक्षा तयार घ्यावा. याला माझे उत्तर आहे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते. संगणकाचे भाग निरनिराळ्या कंपन्यांचे घेऊन ते एकमेकांना जुळावेत, ही काही निसर्गाने दिलेली सोय नव्हे. १९८१ साली आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला तो बाजारात मिळणारे भाग वापरून, आणि त्याची तांत्रिक माहिती छापून खुली ठेवली. त्यामुळे इतरांना त्याला जुळणारे भाग आणि पुढे हुबेहूब संगणकही करता आले. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचे माप ठरवले. मदरबोर्डाची भोके कुठे आणि एसएमपीएसची जोडणी कशी, हे त्यात बांधून दिले. आज तैवानमधला बोर्ड, कोरियातली रॅम आणि कुठलाही पत्र्याचा डबा एकमेकांत बसतो तो या मोकळेपणामुळे. हा मोकळेपणा वापरायचा नाही आणि बंद डबा घ्यायचा, म्हणजे बाजारात जाऊन भाजी न निवडता पिशवी पुढे करण्यासारखे आहे. मग पिशवीत काय पडले याचा राग घरी येऊन कुणावर काढायचा?

आणि जुळवाजुळव ही हलक्या दर्जाची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी पुण्याचे उदाहरण आठवावे. अमेरिका आपल्याला हवा तसा महासंगणक देईना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली तिथल्या मंडळींनी ‘ट्रान्सप्यूटर’ नावाचे लहान लहान प्रक्रियक विकत घेऊन ते एकमेकांना जोडले आणि १९९१ साली ‘परम ८०००’ तयार केला. एक मोठा भाग मिळत नाही ना, मग अनेक लहान भाग नीट जुळवू, असा तो विचार होता. भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातले. माझ्या टेबलावरच्या डब्याची आणि परमची तुलना करण्याइतकी मी खुळी नाही. पण मिळेल ते नीट जुळवण्याला कमी लेखू नये एवढे म्हणण्याचा मला हक्क आहे.

आता मुख्य भागांकडे येते. इथे मला बैलजोडीची आठवण होते. आपल्या जिल्ह्यात शर्यतींचे वेड केवढे आहे ते सांगायला नको. मध्ये बंदी होती, २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली तेव्हा आमच्याकडे फटाके फुटले. शर्यतीवाल्या कुणालाही विचारा : एक बैल लाखाचा आणि दुसरा कसाबसा, अशी जोडी कुणी जुंपत नाही. गाडी दुबळ्याच्या चालीनेच जाते, आणि तगडा उगाच तोंडाला फेस आणतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही अशीच जोडी आहे. पडद्यावरचे दृश्य रंगवायचे काम कार्डाचे. काय घडले, गोळी कुठे लागली, कोण कुठे पळाला याचा हिशेब करून कार्डाला सांगायचे काम प्रोसेसरचे. प्रोसेसर मागे पडला तर महागडे कार्ड हात बांधून बसते. कार्ड दुबळे असेल तर प्रोसेसर बसतो. दादाच्या संगणकात नेमके हेच होते. कार्ड बरे आणि प्रोसेसर फार जुना. बिलावर कार्डाचे नाव ठसठशीत का होते, ते आता कळते.

तिसराही एक आहे, त्याला सगळे विसरतात. पडदा. सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या पडद्यासमोर दीडशे चित्रे काढणारे कार्ड ठेवले तर बहुतेक मेहनत डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. तेव्हा आधी स्वतःला विचारावे, मला खेळायचे काय आहे? मला दोन गोष्टी खेळायच्या होत्या. एक ‘व्हॅलोरंट’, कारण आमच्या वर्गातला निम्मा पोरगा त्यावर बोलतो आणि आम्हां मुलींना त्यातले कळत नाही असे गृहीत धरतो. दुसरा ‘राजी’. हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी केला, २०२० साली आला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची त्यात गोष्ट आहे, आणि त्यातली दृश्ये पहाडी चित्रशैलीवरून घेतलेली आहेत. रंगकाम करून पोट भरणाऱ्या घरातल्या मुलीला त्या भिंती, ते महाल पाहावेसे वाटणारच. या दोहोंपैकी कशालाही राक्षसी कार्ड लागत नाही.

म्हणून मी कार्ड घेतलेच नाही! हसू नका. मी ‘रायझन ५ ५६००जी’ हा प्रोसेसर घेतला. त्याच्या नावाच्या शेवटी जो ‘जी’ आहे, त्याचा अर्थ असा की चित्र काढण्याची बऱ्यापैकी सोय त्याच्या पोटातच आहे. (इंटेलच्या काही प्रोसेसरांच्या नावापुढे ‘एफ’ असते, त्यांच्या पोटात ही सोय नसते आणि कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो. माझी एक मैत्रीण स्वस्त पडला म्हणून तो घेऊन येणार होती. एका अक्षराने तिचे दोन महिने गेले असते.) पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते, ते रॅममधलीच उसनी घेते, म्हणून सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्या म्हणजे दोन वाटा. एकाच विहिरीवर दोन रहाट बसवल्यासारखे पाणी येते. हा फरक मी एक पट्टी काढून पाहिला आहे. खेळ डोळ्यांदेखत अडखळू लागतो.

‘एएम ४’ हे बैठकीचे जुने माप घेतलेस, हा रस्ता आता पुढे जात नाही, असे मला दोघातिघांनी ऐकवले. त्यांचे खरे आहे. २०२२ साली ‘एएम ५’ आले आणि त्याला नवी डीडीआर ५ रॅमच लागते. पण नव्या रस्त्याचा टोल भरायला पैसे नकोत का? मी ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीच्या आधी खरेदी केली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी जगभरची रॅम ओढून घ्यायला सुरुवात केली होती आणि दिवाळीनंतर भाव असे चढले की माझ्या एका वर्गमित्राला तेवढ्याच रॅमसाठी दुपटीहून अधिक पैसे मोजावे लागले. कुठे अमेरिकेतली ती केंद्रे आणि कुठे पेणचा हा मुलगा. पण भाव त्याच्याही खिशातून वसूल झाला. यापूर्वी हेच ग्राफिक्स कार्डांचे झाले होते. आभासी नाणी खणणारे लोक २०२१ च्या सुमारास कार्डे ढिगांनी उचलत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने पद्धत बदलली आणि ती खाण बंद पडली. मग महिनोन् महिने रात्रंदिवस राबलेली कार्डे ‘थोडीच वापरलेली’ म्हणून बाजारात आली. अशी कार्डे घेऊच नयेत असे मी म्हणत नाही. पण ज्याला वापरलेली वस्तू उघडून पारखता येत नाही, त्याने त्या वाटेला जाऊ नये.

खरेदीला दादा आणि मी मुंबईला गेलो. पनवेलहून कुर्ला, कुर्ल्याहून दादर, तिथून ग्रँट रोड; उतरले की लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण तिथे कुणाला ते विचारले तर तोच आपल्याला उलट विचारतो. शंभरेक वर्षांपूर्वीच्या कुणा गव्हर्नराचे नाव लोकांच्या तोंडातून जात नाही हे खरे. रस्ता म्हणजे जत्रा. पहिल्या दुकानात मी यादी पुढे केली तर दुकानदाराने ती दादाच्या हातात दिली आणि त्याला विचारले, “गेमिंगसाठी ना?” मग माझ्याकडे बघून, “बहिणीला पण आणलंत, बरं केलंत.” दादा म्हणाला, “मला काय विचारता, यादी तिची आहे.” तरी तो गृहस्थ शेवटपर्यंत दादाशीच बोलत होता. एसएमपीएसच्या जागी त्याने दुसराच काढला, ‘सेमच आहे, सातशे रुपये कमी’. मी तो हातात घेऊन पाहिला. हलका होता. आम्ही तिथून निघालो. तिसऱ्या दुकानात एका वयस्कर गृहस्थांनी यादी वाचून विचारले, “कार्ड नंतर घेणार?” मी हो म्हटले. “मग साडेपाचशे वॅटचा ठीक आहे,” एवढेच बोलले आणि नोकराला आत पाठवले. सगळी खरेदी तिथेच झाली. पक्के बिल घेतले, त्यावर प्रत्येक भागाचा क्रमांक लिहून घेतला. अठरा टक्के जीएसटी जिवावर येतो, मान्य आहे. पण बिल नसेल तर वॉरंटी नाही, आणि वॉरंटीसाठी रोह्याहून मुंबईला एक खेप म्हणजे दादाचा एक खाडा.

साडेपाचशे वॅटच का, याचे गणित सोपे आहे. प्रोसेसर ६५ वॅटचा, जोर लावला तर थोडा अधिक. पुढे जे कार्ड घ्यायचा विचार आहे ते ११५ वॅटचे. पंखे, डिस्क, बोर्ड वगैरे मिळून पन्नास-साठ. सगळे अडीचशेच्या आसपास. घोडा दुप्पट ओझे वाहू शकणारा असला म्हणजे दमत नाही, तापत नाही.

कॅबिनेट मी काचेचे घेतले नाही. समोरून जाळी असलेले, साधे काळे घेतले. आमच्या घराशेजारी वर्षाचे आठ महिने प्लास्टर उडते. ती पांढरी पूड पापणीवर बसते, भातात पडते, तर पंख्यात का नाही जाणार? पावसाळ्यात खाडीची ओल आली की ती पूड थंडाव्याच्या पत्र्यांवर लेपासारखी बसते. म्हणून आत हवा ओढणाऱ्या पंख्यांपुढे जाळी हवीच, आणि ती काढून धुता आली पाहिजे. मी दर रविवारी धुते. शिवाय मागच्या न वापरलेल्या फटी पत्र्याच्या पट्ट्यांनी बंद केल्या आहेत. हा धडा पालींमुळे शिकावा लागतो. तपशील सांगत नाही, जेवताना कुणी वाचत असेल.

जुळणी घरीच केली. दादा सकाळच्या मेमूने रोह्याहून आला. एएम ४ च्या प्रोसेसरला खालून तेराशेच्या वर सोन्याच्या मुलाम्याच्या पिना असतात, केसासारख्या. कोपऱ्यातला छोटा त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद सोडायचा असतो, दाबायचा नसतो. दादाचे हात थरथरू लागले. त्याने तो माझ्या हातात दिला. मला काही विशेष वाटले नाही; भाद्रपद तोंडावर आला की दिवसाला शंभर डोळे आखते मी. पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा मात्र काहीच झाले नाही आणि आमच्या दोघांच्याही पोटात गोळा आला. रॅमची एक पट्टी ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसली नव्हती.

आता पैशांविषयी. ज्या रोह्याशी चिंतामणराव देशमुखांसारख्या अर्थमंत्र्याच्या घराण्याचे नाते आहे, त्या बाजूच्या भाचीने अंदाजपत्रक लपवू नये. यूपीएस आणि एक वापरलेला पडदा धरून सगळे बेचाळीस हजारांच्या आत बसले. अठ्ठावीस हजार माझे दोन हंगामांचे. २०२५ च्या हंगामाची तर शेवटपर्यंत खात्री नव्हती. प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी येणार म्हणून कारखाने अर्धे थंड पडले होते. जूनमध्ये उच्च न्यायालयाने मूर्ती बनवण्याला आणि विकण्याला मुभा दिली तेव्हा कामाला जोर आला आणि आम्ही रात्रपाळ्या केल्या. आईने पापडांचे सहा हजार दिले. उरलेले आठ हजार बाबांनी दिले.

आणि या आठ हजारांविषयीच मला खरे लिहायचे आहे. बाबांना मी सांगितले होते, ‘अभ्यासाला लागतो.’ ते सातवीपर्यंत शिकलेले. अभ्यास या शब्दापुढे ते काही विचारत नाहीत. कितीचा, कशाला, काही नाही. दुसऱ्या दिवशी नोटा आणून माझ्या वहीत ठेवल्या. आमच्यासारख्या घरांतून पहिल्यांदा कॉलेजात आलेली किती मुले हा शब्द असा वापरत असतील, हे आपले आपल्याला ठाऊक आहे. मोबाइल अभ्यासाला, गाडी अभ्यासाला, सहल अभ्यासाला. मला वाटते, हे बंद करावे. खेळायला हवा आहे तर खेळायला हवा आहे म्हणावे. खेळ हा काही गुन्हा नाही. २०२३ साली हांगझोऊच्या एशियाडमध्ये या खेळांना पदके होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा केला त्यातही पैसे लावून खेळण्यावर बंदी आहे, ई-स्पोर्ट्सला उलट मान्यता आहे. आणि हे काही नसते तरी? आमच्याकडे कबड्डीचे सामने पाहायला माणसे रात्र रात्र जागतात, गणपतीत पत्त्यांचे डाव पहाटेपर्यंत चालतात. त्यांना कुणी विचारत नाही की याचा उपयोग काय. मग दिवसभर रंगांच्या वासात बसलेल्या मुलीने रात्री तासभर खेळले तर तिनेच का कारण द्यावे? मला मान्य आहे की तासाचे चार तास होतात. माझे नोव्हेंबरात झाले, आणि एका चाचणीत त्याचे फळही मिळाले. तो हिशेब माझा आहे, मी तो चुकता करीन. पण खोटे बोलून घेतलेल्या वस्तूवर खेळताना दाराकडे पाठ करून बसता येत नाही, हा माझा अनुभव आहे.

संगणक सुरू झाला त्याच रात्री बाबा जेवून माझ्या मागे खुर्ची घेऊन बसले. “दाव तुझा अभ्यास,” म्हणाले. मी पाच मिनिटे उगाच काहीतरी उघडत-मिटत राहिले. मग ‘राजी’ सुरू केला. मुलगी भिंतीवरून धावली, त्रिशूळ फिरवला, राक्षस पडला. मी मागे न बघता सांगितले, “बाबा, हा याच्यासाठी घेतलाय. अभ्यास पण होईल, पण घेतलाय याच्यासाठी.”

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मंग तसं सांगायचं व्हतं, बाय. मी काय रातभर कबड्डी बघाया जात नव्हतो?” थोड्या वेळाने त्यांनी कॅबिनेटची उघडी बाजू निरखली. बोर्डावरची लांब मोकळी फट त्यांना दिसली. “ही जागा रिकामी का ठेवलीस?”

“कार्डाची आहे. पुढच्या गणपतीनंतर घेईन.”

त्यांनी वाकून भिंतीतल्या सॉकेटकडे पाहिले, तिथून अंगणाकडे गेलेल्या तारेकडे पाहिले.

“आपल्या वायरीला झेपंल ना ते?”

“झेपेल,” मी म्हटले, “एकशे पंधरा वॅटचंच आहे.”